आमची वाटचाल: वजाबाकीत उरलेला डाग

आम्ही फँटम बनवतो. नाव ऐकून पाहुणे हसतात, पण आमचं भूत म्हणजे स्तनाच्या ऊतींसारखे क्ष-किरण शोषणारा ठोकळा. त्यावर मॅमोग्राफीचं यंत्र तपासतात. सुरुवातीला आम्ही तिघंच होतो आणि माल साधा होता. 40 मिलिमीटर अॅक्रिलिक म्हणजे साधारण 45 मिलिमीटरचा दाबलेला स्तन, एवढं पाठ असलं की बाकी काम करवतीचं.

मग एका वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ बाईंचा फोन आला. ड्युअल-एनर्जी, म्हणजे दोन ऊर्जांवरच्या मॅमोग्राफीसाठी आयोडीन घातलेला ठोकळा कराल का? मी हो म्हणालो आणि मग वाचायला बसलो. क्रम उलटा, पण आमचा धंदा असाच वाढला.

तत्त्व वाचताना सोपं वाटलं. शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट द्यायचं, दोनेक मिनिटं थांबायचं आणि स्तन दाबलेला असतानाच लागोपाठ दोन एक्स-रे घ्यायचे. एक 30 किलोव्होल्टच्या आसपास, दुसरा 45 ते 49 वर, बहुतेक यंत्रांत तांब्याच्या फिल्टरमधून. आयोडीनची के-एज 33.2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते; ती ओलांडताच त्याचं शोषण उसळी घेतं. ऊतींचं शोषण मात्र ऊर्जा वाढेल तसं घटतच जातं. दोन्ही प्रतिमांचे लॉगरिदम घ्यायचे, एकाला योग्य गुणक लावून दुसऱ्यातून वजा करायचा. चरबी आणि ग्रंथी यांतला फरक पुसला जातो, आयोडीन उरतं. कर्करोगाच्या गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे तिथे ते साचतं आणि गाठ उजळते.

आमच्या पहिल्या ठोकळ्यात सगळंच उजळलं!

आयोडीनच्या चकत्या दिसत होत्या, पण शेजारी 'ग्रंथी' म्हणून ओतलेलं रेझिनही ढगासारखं उरलं होतं. ते आम्ही कमी किलोव्होल्टवरच जुळवलं होतं. तिथे जुळलेलं रेझिन 49 वरही जुळेल, हे आम्ही धरून चाललो होतो. खडूची पूड कमी-जास्त करत, प्रत्येक घाणा दोन्ही ऊर्जांवर मोजत आठ महिने गेले. बाई दर वेळी फक्त विचारायच्या, "किती उरलं?"

चकतीभोवतीची हवेची फट हा दुसरा ताप. गुणक ऊतींमधल्या फरकासाठी बेतलेला असतो, जाडी कमी झाली तर तो ती पूर्ण पुसू शकत नाही. केसाएवढी फट कड्यासारखी दिसायची. शेवटी चकत्या बसवणं सोडलं आणि व्हॅक्यूमखाली थेट ओतायला लागलो. आता चौरस सेंटीमीटरला अर्धा, एक आणि दोन मिलिग्रॅम आयोडीन असलेले तीन ठिपके देतो. त्यांचा उजळपणाही त्याच प्रमाणात वाढला पाहिजे. एका गिऱ्हाइकाकडे तो वाढला नाही. दोष ठोकळ्याचा की यंत्राचा, यावर पंधरा दिवस वाद चालला. दोष आमचाच निघाला. घोळ नीट ढवळला नव्हता. ठोकळा बदलून दिला.

सध्या सरकणारा ठोकळा करतोय. दोन एक्स-रेंच्या मधल्या काही क्षणांत रुग्ण किंचित हलली की कडांना काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात. तीच हालचाल मुद्दाम, मोजून घडवायची आहे. अर्धा मिलिमीटर सरकवणं जमलंय. अडलंय ते स्क्रूपाशी: धातूचा असला तर चित्रात येतो, प्लास्टिकचा झिजतो.