तांब्याची घागर

२३ जून, रात्री पावणेदोन

झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. सकाळी बेंगळूरच्या रेल्वेनं उतरलो, वडगावात घरी पोचायला सात वाजले, बॅग दारातच टाकली आणि आधी माझ्या समुद्री माशांच्या टँककडं गेलो, सोळा दिवस बघितला नव्हता ना. बघतो तर चारही टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्यात. हर्मिट खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबतोय. हॅमर कोरल, म्हणजे एक जातीचं जिवंत प्रवाळ, पार आत ओढलं गेलंय, नुसता पांढरा सांगाडा दिसतोय आणि त्याच्या कडेला मांसाची एक पट्टी. क्लीनर श्रिंप, म्हणजे माझा झिंगा, तर दिसेनाच, टॉर्च मारून शोधलं तेव्हा दगडामागं कुशीवर पडलेलं सापडलं, त्याच्या लांब पांढऱ्या मिशा प्रवाहात हलत होत्या आणि पाय मधूनच थरथरत होते. दीड वर्ष झालं त्याला आणून, काच पुसायला हात आत घातला की हातावर चढून नखं साफ करत बसायचं.

आणि दोन्ही क्लाउनफिश मात्र एकदम ठणठणीत, मला बघून खायला मागायला वर आले.

तिथंच माझ्या डोक्यात आलं की हे साधं पाणी खराब होणं नव्हे. तरी सगळ्या टेस्ट केल्या, खारटपणा १.०२५, तापमान २६, नायट्रेट १० च्या आसपास, अमोनिया अगदी थोडा दिसला पण तो मेलेल्या गोगलगायींचा असणार. मासे बरे आणि बिनकण्याचे जीव तेवढे मरतायत म्हणजे विष, एकतर कीटकनाशक नाहीतर तांबं. पहिला संशय डासांच्या औषधावर गेला, पावसाळा सुरू झालाय, गल्लीत धूर मारून गेले असतील तर तो एअर पंपातून थेट पाण्यात जातो. पण आजी म्हणाली कोण आलंच नाही आणि घरातलं मशीनपण लावलेलं नाही.

मग विचारलं, आजी पाणी कुठलं घातलीस?

"तुझ्या आरओच्या कॅनातलंच की रे. रातच्याला घागरीत वतून ठेवलो, सकाळी घातलो. पलास्टिकात तुंबलेलं पाणी कशाला घालायचं त्यास्नी."

घागर तांब्याची. आतून कल्हई नाही, दर दोन दिवसांनी चिंचेनं घासून लख्ख केलेली. आम्ही सगळे लहानपणापासून तिच्यातलंच पाणी पितोय.

मी तिला एवढंच सांगून गेलो होतो की काचेवर लाल टेप चिकटवलाय, पाणी त्याच्या खाली गेलं की तिथपर्यंत भरायचं. सोळा दिवस तिनं एक दिवस चुकवला नाही, खारटपणा जराही हलला नव्हता, मला स्वतःला इतकं नेमकं जमत नाही.

२४ जून

आज डोकं जरा थाऱ्यावर आहे म्हणून हिशोब केला. टँक १८० लिटरचा, रोज साधारण अडीच लिटर पाणी उडतं, म्हणजे सोळा दिवसात चाळीस लिटर घागरीतून गेलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून तर वरून आरओचं गोडं पाणी घालायचं असतं. पण मीठ मागं राहतं तसं तांबंही मागंच राहिलं, रोज थोडं थोडं साठत गेलं. त्यात आरओच्या पाण्यात क्षार नसतात, असं भुकेलं पाणी धातूतून जास्त ओढून घेतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घागरीतल्या पाण्यावर लावून बघितला, आकडा जवळजवळ कॅनातल्या पाण्याचाच. इतकं कमी तांबं त्याला कळतच नाही आणि श्रिंपला मारायला तेवढंच पुरतं.

गंमत नाही, पण चमत्कारिक वाटतं की श्रिंपच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं. आपल्यात लोखंड, त्यांच्यात तांबं. तरी पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं त्यांना सोसत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते याच जोरावर, परजीवी मरतो, मासा तगतो, आणि म्हणूनच ते औषध रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या टँकमध्ये, कधी घालायचं नसतं.

श्रिंप पहाटे गेलं.

काल दिवसभर लाईट जाऊन येऊन, आरओचं पाणी साठायलाच संध्याकाळ झाली, मग मीठ घालून ड्रममध्ये पंप आणि हीटर सोडून रात्रभर फिरवलं. आज साठ लिटर बदललं. पाणी गाळायचा कार्बन नवीन घातला. कोल्हापूरच्या एका दोस्तानं पॉली फिल्टरचे, म्हणजे पाण्यातलं विष शोषून घेणाऱ्या पॅडचे, दोन तुकडे ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिले, पावसात रात्री साडेनऊला जाऊन घेऊन आलो. ते पांढरे असतात, तांबं धरलं की निळे होतात.

२५ जून

निळा. कडेपासून आतपर्यंत, मोरचुदासारखा.

आजीला सांगावं की नको यात दोन दिवस गेले. ती रोज सकाळी विचारत होती, "झिंगं बरं हाय काय रे तुझं?" खोटं बोलवेना. आज निळा तुकडा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "आपल्याला चांगलं ते त्यास्नी पण चांगलं असंल म्हणलो रे मी." मी म्हणलं चूक माझी आहे, टेप लावून गेलो पण भांड्याचं बोललोच नाही. आणि खरंच तसंच आहे, तांब्याचं मला माहीत होतं, तिला कोण सांगणार?

१ जुलै

आणखी दोनदा पन्नास पन्नास लिटर बदललं. झोआ, म्हणजे बटणासारखे छोटे कोरल, उघडलेत, हॅमरच्या तीन तोंडांपैकी एक आज दुपारी बोटभर बाहेर आलं, बाकीच्या दोघांचं धरवत नाही. गोगलगायी आणि श्रिंप इतक्यात आणणार नाही, दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि मागाहून हळूहळू सोडतात. दुसरा तुकडा काढून बघितला तर मधे पांढरा आहे, पण कडा अजून निळसर आहेत. आजीनं टँकशेजारी झाकणाची प्लास्टिकची बादली आणून ठेवलीय आणि तिला हात लावायचा नाही असं घरातल्या सगळ्यांना बजावलंय. ड्रममध्ये उद्याचं पाणी फिरतंय.