इमूझेर: नावात धबधबा, पाणी मात्र पाटात

इमूझेर हे मोरोक्कोतलं एक डोंगरी गाव. तिथे जाण्याआधी एक शब्द बाजूला ठेवू. तिथल्या लोकांना, उत्तर आफ्रिकेच्या या मूळ रहिवाशांना, जग 'बर्बर' म्हणतं, आणि मराठीत बर्बर म्हणजे रानटी. हा निव्वळ योगायोग नाही. परकी भाषा 'बर-बर' अशी ऐकू येते म्हणून परक्याला दिलेलं ते जुनं नाव आहे. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघेन. मराठीत लिहिताना तरी आपण तेच म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. मोरोक्कोच्या २०११च्या राज्यघटनेनं त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला. शाळांवर, सरकारी कचेऱ्यांवर अरबीच्या जोडीला तिफिनाघ लिपीतल्या पाट्या दिसतात. त्यात दोन्ही हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखं एक अक्षर असतं. ते एकदा ओळखीचं झालं की पुढच्या प्रत्येक वळणावर भेटत राहतं.

इमूझेर हा त्यांच्याच भाषेतला शब्द, अर्थ धबधबे. पूर्ण नाव इमूझेर इदा उतनान. इदा उतनान हे या डोंगरातल्या जमातसमूहाचं नाव. अगादिर या अटलांटिक किनाऱ्यावरच्या शहरापासून गाव साठेक किलोमीटरवर, पण उंची सुमारे ११६० मीटर. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर असलेला माणूस दुपारी ऑलिव्हच्या सावलीत बसू शकतो, म्हणून बरेच जण अगादिरहून एका दिवसात जाऊन येतात. त्यातले निम्मे तरी हिरमुसून परततात, कारण धबधबा कोरडा असतो.

तो का कोरडा असतो, हे समजलं तर सहल फुकट जात नाही. धबधबा म्हटला की आपलं मन आपोआप जुलै-ऑगस्टमध्ये जातं. तिथलं ऋतुचक्र उलटं आहे. पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च, तोही थोडा आणि बेभरवशाचा. जून ते सप्टेंबर हा तिथला पक्का कोरडा काळ, म्हणजे भारतातून पावसाळी सुट्टी काढून गेलात तर नेमके चुकीच्या वेळी पोचाल. त्यात गेल्या दशकाच्या शेवटापासून देशात एकामागून एक दुष्काळी वर्षं गेली. पाणी बघायचंच असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल ही वेळ धरा, आणि त्या हिवाळ्यात पाऊस झाला होता का ते निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत बदाम फुलतो. पानं फुटण्याआधीच पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली झाडं उतारावर दिसतात, आणि धबधब्यात पाणी असो-नसो, मला हाच काळ सगळ्यात चांगला वाटतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. धबधब्याच्या वरच्या झऱ्यांचं पाणी गावकरी पाटानं शेताकडे वळवतात. या पाटाला तिथे तार्गा म्हणतात. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आहेत. त्यांत ऑलिव्ह, बदाम, थोडी जव, थोडा भाजीपाला, आणि पाणी ठरलेल्या पाळीनं फिरतं. धुळ्याकडच्या पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काही मिनिटांत कळेल: पाणी सगळ्यांचं, वेळ प्रत्येकाची. त्यामुळे कडा कोरडा दिसला तर पाणी कुठे गेलं ते शोधत पाटाच्या कडेनं चालत जा. ते खालच्या वाफ्यात सापडतं. पाटाच्या तोंडाशी दगड आणि चिखलाचा बांध दिसला तर त्याला हात लावू नका. तो हलला तर कोणाची तरी पाळी चुकते, आणि गावात भांडणं होतात ती याच गोष्टीवरून.

कोरडा असला तरी तो कडा बघण्यासारखा आहे. इथल्या झऱ्यांचं पाणी चुनखडीतून येतं आणि त्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर उडालं, शेवाळावरून ठिबकलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावरच बसतो. शेवाळ खालून मरतं, वरून वाढतं, चुना थरावर थर चढत जातो. शतकानुशतकं असं झाल्यावर दगडाचाच एक पडदा तयार होतो: झालरी, चुण्या, पोकळ्या असलेला. आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्टचा कडा पाण्यानं झिजतो. इथला पाण्यानं वाढतो. त्याला हात लावून बघा. खडबडीत आणि सच्छिद्र लागतो, आणि मोडलेल्या कडेला जुन्या काड्या-पानांचे ठसे असतात. तुकडा मात्र तोडून आणू नका.

आता जायचं कसं. भारतातून थेट विमान नाही. आखाती देशांतून किंवा युरोपातून कासाब्लांका, तिथून अगादिर असा मार्ग सोयीचा. मराकेशहून रस्त्यानं अगादिर सुमारे अडीचशे किलोमीटर, बसनं साधारण साडेतीन तास. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो आधी काढा. अगादिरहून किनाऱ्यानं उत्तरेला बारा किलोमीटरवर आवीर हे गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीचे घड टांगलेले दिसले की पोचलात. ही केळी आपल्या वेलचीसारखी आखूड आणि गोड असतात. इथून उजवीकडे डोंगरात रस्ता वळतो. पेट्रोल आणि रोकड, दोन्हींची तजवीज आवीरलाच करा, कारण वर कार्डावर विसंबण्यात अर्थ नाही.

स्वतःची गाडी नसेल तर आवीरहून ग्रां तॅक्सी, म्हणजे वडापसारखी चालणारी शेअर टॅक्सी. सहा प्रवासी भरले की निघते, भाडं सीटप्रमाणे. सहा जण भरेपर्यंत ताटकळायचं नसेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन लगेच निघता येतं. ते सरळ बोलून ठरवतात, त्यात संकोच नको. रस्ता अरुंद आणि पुढचा अर्धा भाग वळणांचा आहे. मळमळणाऱ्यानं पुढची सीट मागावी. भाड्यानं गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल, आणि तिथे गाडी उजव्या बाजूनं चालवतात हे अंधळ्या वळणावर विसरायला होतं. साठ किलोमीटरला दीड ते दोन तास धरा. जोराचा पाऊस झाल्यावर त्या दिवशी निघूच नका. दरीतल्या कोरड्या पात्रांना अचानक लोंढा येतो आणि कड्यावरून दगड सुटतात.

वाटेत पॅरडाइज व्हॅली लागते: खजूर, कण्हेर आणि खडकातले हिरवे डोह. गाडी रस्त्यावर लावून अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्यात तुडुंब गर्दी असते. उंचावरून डोहात उड्या मारणारी पोरं बघून हुरळून जाऊ नका. पाण्याची पातळी वर्षागणिक बदलते आणि तळाशी खडक आहेत. गेल्या वर्षी खोल असलेला डोह यंदा कमरेइतका असू शकतो. दरीत तासभर घालवा, पण दिवस इमूझेरसाठी राखा.

वार पाहून जायचं असेल तर गुरुवार निवडा. त्या दिवशी इमूझेरचा सूक, म्हणजे आठवड्याचा बाजार भरतो. आसपासच्या वाड्यांतून माणसं येतात, टॅक्स्याही जास्त धावतात. बाजार सकाळचा, दुपारी बाराला पोचलात तर रिकामी मैदानं दिसतील. 'अझुल' म्हणजे नमस्कार, 'तनमिर्त' म्हणजे आभार, 'अमान' पाणी, 'अघ्रोम' भाकरी, 'ताम्मेंत' मध. हे पाच शब्द पुरतात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नकार आला तर हसून पुढे जावं.

इथून आणायच्या गोष्टी दोनच, अर्गानचं तेल आणि मध, आणि दोन्हींत फसवणूक होते. अर्गान हे काटेरी झाड मोरोक्कोच्या या नैर्ऋत्य पट्ट्यातलं. युनेस्कोनं १९९८मध्ये या पट्ट्याला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०१४मध्ये अर्गानशी जोडलेल्या परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. फळं पिकण्याच्या दिवसांत झाडांखाली जनावरं सोडायला बंदी असते. या राखणीला अग्दाल म्हणतात, आणि कोणत्या कुटुंबानं कुठली फळं वेचायची तेही ठरलेलं असतं. फळं वाळवून साल काढली की बदामाएवढी कठीण बी उरते. ती फोडायचं यंत्र अजून समाधानकारक जमलेलं नाही, म्हणून बायकाच फोडतात. सपाट दगड मांडीजवळ, बी दोन बोटांत उभी धरलेली, आणि तिच्या टोकावर लांबट गोट्यानं एकच नेमका ठोका. जोर जास्त झाला तर गर चेंदला जातो, कमी झाला तर बी निसटते. आत एक ते तीन गर निघतात. एक लिटर तेलाला साधारण तीस ते चाळीस किलो फळं लागतात. गर भाजून जात्यात दळायचा, त्या घट्ट लगद्यात कोमट पाणी थोडं थोडं घालत हातानं मळत राहायचं, मग तेल सुटतं आणि पेंड राहते. ती जनावरांना जाते.

एवढी मेहनत लक्षात ठेवली की रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटलीत स्वस्तात मिळणारं तेल काय असेल ते वेगळं सांगायला नको. त्यात सूर्यफुलाचं तेल मिसळलेलं असतं, आणि वर उन्हात ठेवल्यानं असेल तेवढं अस्सलही खवट होतं. खायचं तेल गडद सोनेरी, भाजलेल्या दाण्यासारख्या वासाचं. केसांना-त्वचेला लावायचं न भाजलेल्या गराचं, फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं. दोन्हींची गल्लत करू नका. महिला सहकारी संस्थेतून, गडद काचेच्या बाटलीत, काढल्याची तारीख बघून घ्या. तळणीला किंवा फोडणीला हे तेल वापरू नका, वास जळून जातो. वरून घालायचं तेल आहे ते.

मधाचा प्रदेश म्हणून इदा उतनान प्रसिद्ध आहे, आणि त्यातही ओव्यासारख्या वासाच्या रानटी थाइमचा मध. तो गडद, थोडा औषधी चवीचा असतो. निवडुंगासारख्या युफोर्बियाचा मध घशात मिरीसारखा झोंबतो. तो बिघडलेला नसतो, त्याची चवच तशी. मधाला रवा धरला म्हणजे भेसळ, हा गैरसमज इथेही सोडा. पाण्यात थेंब टाकून बघण्याच्या परीक्षाही निरुपयोगी. विक्रेत्याला फुलोरा कुठला आणि मध कधी काढला ते विचारा, चव घ्या. दुष्काळात फुलोरा नसतो, त्यामुळे कोरड्या वर्षी मध महाग असणारच. तेव्हा स्वस्त मिळाला तर घेऊ नका.

दोन्ही मिळून, बदाम घालून, अमलू होतं, म्हणजे भाकरीला लावायचं गोडसर वाटण. पाव किलो बदाम सालासकट मंद आचेवर आतपर्यंत भाजा, गार करा, तेल सुटेस्तोवर दळा. त्यात शंभर ते सव्वाशे मिलिलिटर खायचं अर्गान तेल धारेनं घालत ढवळा, चिमूटभर मीठ घाला. मध सगळ्यात शेवटी, दोन-तीन चमचेच. मध आधी किंवा जास्त घातला तर मिश्रण एकदम घट्ट होऊन गोळा बनतं, आणि मग तेल कितीही ओता, ते वर तरंगतं. ठेवल्यावर वर तेल येणं मात्र साहजिक आहे. ढवळून भाकरीला लावायचं.

शाकाहाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ताजिन म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थ. 'भाज्यांचं ताजिन' मागितलं तरी ते मांसाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं, कधी मांसाचा तुकडा फक्त उचलून बाजूला काढलेला असतो. ताजिनला शिजायला तास-दीड तास लागतो, म्हणून गावात पोचल्या पोचल्या, फिरायला जाण्याआधी, 'ब्ला ल्हम, ब्ला द्जाज' म्हणजे मांस नको, कोंबडी नको, असं सांगून ठेवा. मग ते तुमच्यासाठी वेगळं चढवतात. सकाळी तागुल्ला मिळाली तर सोडू नका: जवाची घट्ट पेज, ताटात मध्ये खळगा, खळग्यात अर्गान तेल, आणि आपल्या बाजूनं घास घेत तेलात बुडवून खायचं. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात, तेव्हा जवळ खायला ठेवा.

मुक्काम करणार असाल तर स्वेटर हवाच. अगादिरला हिवाळ्यात दुपारी ऊबदार असतं, पण वर रात्री पारा खूप उतरतो आणि साध्या घरांत खोल्या तापवायची सोय नसते. जास्तीची घोंगडी झोपायच्या आधी मागून घ्या. चहात हिवाळ्यात पुदिन्याबरोबर शिबा नावाची कडू पाल्याची काडी घालतात. पहिल्या पेल्याला नको वाटतं, दुसऱ्याला सवय होते.

परतीची टॅक्सी उतरताक्षणी विचारून ठेवा. गुरुवार सोडून इतर दिवशी दुपारनंतर गाड्या विरळ होतात आणि शेवटची भरली की पुढची सकाळीच. मधाच्या बरणीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करा, बरणी दोन पिशव्यांत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा. तेल आणि मध दोन्ही, शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त असतील तर, केबिन बॅगेत चालत नाहीत. ते सामानाच्या बॅगेतच घालायचे.