पुरात माहेरी आलेला बोका

जुलै 2021. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांला आली की इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय, आणि त्या आठवड्यात पाणी 55 च्या वर गेलेलं. 2019 च्या पुरात एकदा तोंड पोळलेलं असल्यामुळं दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली इकडची बरीच माणसं पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच बाहेर पडली आणि शहरात उंचावर जे कोणी पाव्हणे असतील त्यांच्याकडं गेली. बरोबर गॅसची टाकी, टीव्ही, गाद्या, देव्हारा, आणि ज्यांच्याकडं होती त्यांची मांजरं. माझं जनावरांचं क्लिनिक राजारामपुरीत, तिथं पुराचं पाणी येत नाही, नळालाही येत नव्हतं म्हणा, कारण उपसा केंद्रंच बुडालेली, त्यामुळं कॅनचं पाणी आणि इन्व्हर्टर यावर सगळं चाललेलं.

त्या दुपारी दोघीजणी भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट घेऊन आल्या, वर ओढणी बांधलेली. नणंद-भावजय. नणंदेचं घर दुधाळीत, पाणी आत शिरलेलं, म्हणून सगळं कुटुंब मंगळवार पेठेत माहेरी आलेलं, आणि क्रेटमधला बोका तिचा. नाव बाळ्या. चार वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, चांगला थोराड.

"डॉक्टर, पोट साफ होईना झालंय ओ ह्याचं. कालपास्नं नुसता कुंथतोय. एरंडेल देऊ काय?"

बोका कुंथतोय असं कोणी म्हटलं की मी पुढचं ऐकायच्या आधी पोटाला हात लावते. दहातल्या नऊ जणांना वाटतं बद्धकोष्ठ. बाळ्याच्या पोटात मागच्या बाजूला टेनिसच्या बॉलसारखं घट्ट गोल काहीतरी हाताला लागलं आणि नुसतं दाबलं तर तो ओरडला. ते मूत्राशय. लघवी तुंबलेली. मांजरीणीत हे क्वचित होतं पण बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला इतका अरुंद असतो की थोडा चिकट कचरा आणि बारीक खडे जमले की बूच बसतं. मग लघवी मागं तुंबते, किडनीवर दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. दोन-तीन दिवसांत बोका जातो. एरंडेल पाजत बसलं तर नक्कीच जातो.

बाळ्याला सकाळी उलटी पण झालेली. ठोके जरा हळू होते पण अगदी हाताबाहेर नव्हते. सलाईन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीची बारीक नळी, घालायला घेतला. टोकाशी वाळू लागल्यासारखी करकर लागत होती, थोडं सलाईन आत मारायचं, परत सरकवायचं, परत मारायचं, असं करता करता एकदम मोकळं झालं आणि चहाच्या रंगाची, रक्त मिसळलेली लघवी सिरिंजमध्ये आली. आमचा असिस्टंट पोरगा मास्कच्या आतून "नाद खुळा" म्हणाला. लघवी निघाल्यावर इतका आनंद होणारा धंदा दुसरा नसंल.

मूत्राशय धुवून घेतलं, कॅथेटर टाक्यानं बसवला, त्यानं ती ओढू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली आणि मग निवांत त्या दोघींना समोर बसवून विचारायला सुरुवात केली. कारण बूच काढणं हा अर्धाच भाग, ते का बसलं हा दुसरा. बोक्याची लघवी अशी अडकते त्यातल्या बऱ्याच केसेसच्या मुळाशी एक दुखणं असतं, फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाला सूज, जंतू सापडत नाही, आणि ताण आला की ते उफाळतं. नवीन घर, नवीन माणसं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नवीन मांजर.

"घरात दुसरं मांजर आहे?"

"आहे की, आमची सोनी," वहिनी म्हणाल्या. "पण ती कायसुद्धा करत नाही ओ. लई शांत. हाच तिला बघितला की फिसकारतोय."

नणंद लगेच, "व्हय, ह्याचंच चुकतंय. परक्याच्या घरात आलाय तर जरा नमतं घ्यावं की."

आता इथं मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे नणंद वहिनीच्या मांजरीबद्दल वाकडा शब्द काढणार नव्हती, कारण तिच्या घरी पाच माणसं घेऊन राहायचं होतं, आणि वहिनी वन्संच्या बोक्याबद्दल काढणार नव्हती, कारण वन्संचं घर पाण्यात होतं. दोघी इतक्या जपून बोलत होत्या की खरी हकीकत कुणाकडूनच येईना. दुसरी गोष्ट म्हणजे "शांत आहे, काही करत नाही" हे वाक्य ऐकलं की मला हल्ली शंका येते.

विचारलं, मांजरांचा शी-शूचा ट्रे कुठं ठेवलाय. तर मागच्या अंगाला, बाथरूमजवळ, एकच, दोघांत मिळून. तिथं जायला जिन्याखालून एक बोळ. आणि सोनी दिवसभर कुठं बसते? "जिन्याखाली. बोळाच्या तोंडाशी."

एवढ्यात वहिनींच्या मुलीनं, ती मागून स्कूटीवर आलेली, मोबाईल पुढं केला. "मी बघितलो की डॉक्टर, दोघं एकमेकाकडं बघत बसलेले, लई क्यूट, मी स्टेटसला पण टाकलोय."

व्हिडिओ जेमतेम दहा-बारा सेकंदांचा. सोनी बोळाच्या तोंडाशी पुढचे पाय अंगाखाली न घेता बसलेली, म्हणजे उठायच्या तयारीत. पापणी हलत नाही. कान ताठ पण किंचित बाजूला वळलेले. सगळं अंग स्थिर, फक्त शेपटीचं टोक, तेवढंच बोटभर, इकडं-तिकडं. बाळ्या डावीकडून येतो, तिला बघतो, थांबतो. नजर फिरवतो. मग काहीच कारण नसताना खाली बसून स्वतःचा खांदा चाटतो दोनदा, उठतो आणि आल्या वाटेनं मागं जातो. मागून घरातल्यांचं हसणं, कोणीतरी म्हणतंय "बघा, लाजला."

मी तो तीनदा लावला आणि दोघींना दाखवला. म्हटलं, हे भांडण आहे. आवाज नाही, पंजा नाही, पण हेच भांडण आहे. मांजरांत फिसकारणारं बहुतेक वेळा घाबरलेलं असतं, ते बिचारं लांब हो म्हणून सांगत असतं. आणि जे एक अक्षर न बोलता वाटेत बसतं, वाट त्याची झालेली असते. बाळ्या त्या वाटेनं जाऊन लघवीच करू शकत नव्हता. धरून ठेवायचा, रात्री सगळे झोपल्यावर गेला तर गेला. आधीच ताण, त्यात कमी पाणी पिणं, त्यात धरून ठेवणं.

यात सोनी दुष्ट आहे असं अजिबात नाही. तिच्या बाजूनं बघा, तिनं चार वर्षं गाल घासून घासून त्या घरातला प्रत्येक कोपरा, दाराची चौकट, खुर्चीचा पाय आपल्या वासाचा केलेला, आणि एका दुपारी भलत्याच वासाचा बोका क्रेटमधून थेट सोप्यात सोडला. मांजर ओळखतं ते आधी नाकानं. "सोडा एकत्र, त्यांचं त्यांना मिटवू दे" असं सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात, आणि मिटतं कधीकधी, पण नाही मिटलं तर ते असं क्लिनिकच्या टेबलावर येतं.

नवीन मांजर आणलं की ते आधी वेगळ्या खोलीत, दार लावून, निदान दोन आठवडे. हे भांडणासाठी तर आहेच पण रोगासाठीही आहे, पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं दिसायला आठवडा-दहा दिवस जाऊ शकतात आणि लस न दिलेल्या मांजराला तो रोग सहसा सोडत नाही. बाळ्याचं लसीचं कार्ड होतं, पण पुरात कुठं गेलं कुणाला ठाऊक.

"खोली?" वहिनी हसल्याच. "डॉक्टर, सोप्यात सात माणसं झोपत्यात."

बाळ्या कॅथेटर घालून क्लिनिकमध्येच होता तेवढ्यात मी त्यांच्या घरी जाऊन आले. असं मी सहसा करत नाही, पण पुरामुळं बाकी पेशंट येतच नव्हते. जुनं घर, माडीवर एक खोली, आणि त्या खोलीत दुधाळीहून वाचवून आणलेलं सामान छतापर्यंत रचलेलं, सोफ्याच्या गाद्या, चादरींची गाठोडी, टीव्हीचं खोकं. पोरं त्यातच फट करून झोपत होती. सगळे म्हणत होते इथं तर पाय ठेवायला जागा नाही, आणि मला ते बघून इतकं बरं वाटलं की विचारू नका. कारण ते सगळं सामान बाळ्याच्या घरचं. त्याच्या वासाचं. त्याच गाद्यांवर तो चार वर्षं लोळलेला. चढायला उंची, लपायला फटी. आणि त्याला मात्र खाली सोनीच्या राज्यात ठेवलेलं.

आजी म्हणाल्या, "माणसं बोळात आणि मांजार माडीवर, बरंय." पण पोरांना बाळ्याबरोबर झोपायला मिळणार म्हणून ती खूश, त्यामुळं विषय तिथंच संपला.

ट्रेमध्ये घालायचं कॅट लिटर मिळायचा प्रश्नच नव्हता, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, पुण्याकडनं ट्रक बंद. मांजराला शांत करणारे ते प्लगला लावायचे डिफ्यूझर असतात ते पण त्यामुळं सोडून दिले. शेजारी बांधकाम चाललेलं, तिथली वाळू आणली, खाली फाडलेला पेपर, आणि ट्रे म्हणून भांडी घासायचे दोन टब. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि सगळे एका रांगेत नाही, वेगवेगळ्या जागी, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी दादा म्हणाले, "कळलं ओ मॅडम, तीन." एक माडीवर, एक मागं होता तोच, एक पुढच्या पडवीत. पाण्याची वाटी पण ठिकठिकाणी. बाळ्याला उकडलेलं चिकन भरपूर पाणी घालून, मिठाशिवाय. पांढरा रस्सा चालंल काय असं एका काकांनी विचारलं, नाही चालणार, कांदा-लसूण मांजराला विषच आहे.

बाळ्याला घरी सोडताना त्याच्याच चादरीनं त्याला पुसून काढायला लावलं. क्लिनिकचा वास घेऊन परत आलेलं मांजर घरच्याच जोडीदाराला अनोळखी वाटतं आणि त्यावरनं सुद्धा मारामाऱ्या होतात, इथं तर आधीच ओळख नव्हती.

पुढचं काम मुलीनं केलं, स्टेटसवालीनं. जुना मोजा घेऊन बाळ्याच्या गालांवर हळू घासायचा आणि तो खाली सोनीच्या जेवणाजवळ टाकायचा, सोनीचा वर. पहिल्यांदा सोनी मोज्याला फिसकारली, म्हटलं चालेल, मोज्याला फिसकारू दे. मग माडीच्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं, आधी चांगली लांब, मग रोज थोडी जवळ. यात एकच खूण बघायची, खाताना मान वर करून दाराकडं टक लावली तर जवळ झालं, ताटली परत हातभर मागं. घाई करणारी माणसं इथंच घोळ घालतात. मग अर्धा-पाऊण तास अदलाबदल, सोनी माडीवर सामानात हुंगत फिरणार आणि बाळ्या खाली. मग दारात जुन्या खिडकीची जाळीची चौकट ठोकली आणि जाळीपलीकडनं भेट, दोघांच्या पुढ्यात चिकन.

मधे पूर ओसरला आणि नणंद घर धुवायला दुधाळीला गेली. तिला ताकीद दिली की फिनेलनं फरशी पुसलेल्या घरात बाळ्याला इतक्यात नेऊ नका, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही आणि पंजे चाटून सगळं पोटात जातं. त्यामुळं माणसं गेली आणि बोका माहेरी राहिला. परत लघवी अडकली नाही. सोनी-बाळ्याची मैत्री वगैरे झाली का, तर नाही. एकाच सोप्यात, ती कपाटावर आणि तो खिडकीत, मधे आठ-दहा फूट. समोरासमोर आली तर एकजण वाट देतो, कधी हा, कधी ती. वहिनींना वाईट वाटायचं की एकमेकांना चाटत नाहीत. मी म्हटलं आपल्या घरात किती जण एकमेकांना चाटतात, वाट देतात ना, बास की.

2024 च्या जुलैत पाणी परत धोक्याच्या पातळीवर चाललं तेव्हा वहिनींचा फोन आला. पाणी 39 ला लागलेलं, दुधाळीत अजून काही नव्हतं.

"डॉक्टर, वन्संना आत्ताच बोलावून घेतलोय. माडीची खोली मोकळी केलोय, जाळी पण बसवून ठेवलोय. वन्संनी परवा अजून एक पिल्लू घेतलंय ओ, त्याचं काय करायचं?"

म्हटलं, लस झाली असेल तर कार्ड पिशवीत वर ठेवायला सांगा, आणि पिल्लू बाळ्याबरोबर ठेवायचं नाही, वेगळं.

"म्हणजे तिसरी खोली?"

"हो."

पलीकडं थोडा वेळ नुसता घरातला गलका. मग वहिनींचा आवाज, फोन बाजूला धरून, "ओ, आत्तींना विचारा, देवघरात चालंल काय."