तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात पत्तेच का?

पालकसभा असो नाहीतर फोंड्याची बस, प्रश्न ठरलेला: "टीचर, तुम्ही वर्गात पत्ते खेळवता म्हणे?" खेळवते. गुलामचोर.

कॅटमधून दश्श्या आणि सगळी चित्रं काढली की उरतात 36 पत्ते. त्यात एकच गुलाम परत टाकायचा. जोडी सारख्या पत्त्यांची नाही, दहाची लावायची: तिर्री-सत्ती, दुर्री-अठ्ठी, पंजीला पंजीच. शेवटी गुलाम हातात उरला तो चोर. फळ्यापाशी बोलावून "सातात किती मिळवले की दहा?" विचारलं की जे पोर मान खाली घालतं, तेच इथे दर पत्त्याला हा प्रश्न स्वतःला विचारतं. पैज नाही, पैसा नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनोंची नावं मला ऐकवू नका. तिथे गोवेकराला 2020 पासून खेळायलाच बंदी आहे.

हे सगळं मी एका आईलाही ऐकवलं होतं. तिसरीतल्या मुलीची आई. सभा संपून सगळे गेले तरी ती थांबली होती. भांडली नाही. म्हणाली, "टीचर, आमचं माड-पोफळीचं कुळागर जत्रेतल्या जुगारात गेलं. परवा पोरीनं घरी पत्ते मागितले, आणि तिच्या पप्पानं लगेच काढून दिले. मला वाटायचं त्यानं ते कधीच जाळले." जरा थांबून म्हणाली, "दोघं जेवायच्या वेळेपर्यंत खेळली. तो कधी तिच्याजवळ बसत नाही हो. आता मी काय करू, सांगा."

मी पैज नाही, पैसा नाही, हेच पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "त्याचंही तसंच सुरू झालं. गणेशचवथीला, आरतीनंतर, पैशांशिवाय."

नोकरीला लागले तेव्हा मी म्हणायचे, पत्ता म्हणजे नुसता आकडा. त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. त्या मुलीसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, 1 ते 9, प्रत्येकी चार, वर एक गुलाम. गणितात काही फरक पडत नाही. पण ज्यांचा 6 आणि 9 मध्ये अजून गोंधळ होतो, ती पोरं पत्त्यावरचे बदाम मोजून जोडी लावतात. नुसत्या आकड्यांपुढे अडतात. म्हणून पुठ्ठ्यावरही ठिपके काढले. एकजण म्हणालाच, "टीचर, हे तर पत्तेच झाले!"

दिवाळीनंतर बेरीज अकराची घेणार आहे. दश्श्या परत आत, गुलाम धरून 41 पत्ते. खऱ्या कॅटवर की पुठ्ठ्यावर, ते अजून ठरवलेलं नाही.