सॅव्हॉयची डबलबारी

कणकवली-कुडाळकडे डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, लागली की माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. एका बुवांनी गजर घेतला की समोरच्या बुवांनी त्याला उत्तर द्यायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत हा मामला ३२ वर्षं चालला. तिथे बुवांऐवजी बारा-चौदा वादकांचे बँड होते आणि ऐकणारे बसून नव्हे, नाचत ऐकायचे. जागेचं नाव सॅव्हॉय बॉलरूम.

१२ मार्च १९२६ रोजी लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, १४० आणि १४१ नंबरच्या रस्त्यांच्या मधे ते उघडलं. मालक मो गेल, पण रोजचा कारभार चार्ल्स ब्युकॅनन या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाकडे. तिकीट वेळेप्रमाणे: लवकर आलात तर ३० सेंट, सहानंतर ६०, आठनंतर ८५. दोनच रस्ते पुढे कॉटन क्लब होता. तिथे कलाकार काळे आणि प्रेक्षक मात्र गोरेच. सॅव्हॉयत दोघेही एकाच फरशीवर नाचायचे. १९४३ साली पोलिसांनी अनैतिक व्यवहारांचं कारण देऊन ते काही महिने बंद ठेवलं, तेव्हा खरी पोटदुखी याच गोष्टीची होती असं हार्लेममध्ये उघड बोललं जायचं.

सामन्यांची खरी मेख दोन मंचांत होती. ते लांब भिंतीला लागून, शेजारी-शेजारी. एक बँड थांबला की दुसरा सुरू, त्यामुळे मधे वाद्यं जुळवण्याची रटाळ दहा मिनिटं नाहीत. शिवाय हॉल सुमारे २०० फूट लांब. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे बँड एका टोकाला बसवला तर दुसऱ्या टोकाला ठोका ०.१८ सेकंद उशिरा पोचणार. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत हा उशीर अर्ध्या मात्रेहून जास्त होतो! लांब भिंतीच्या मधोमध बसलात तर तो निम्म्यावर येतो. आपल्याकडे मंच समोरासमोर बांधायची हौस असते, आणि मग एकाचे स्पीकर थेट दुसऱ्याच्या माइककडे तोंड करून बसतात. शिट्टी वाजते ती त्यामुळे. समोरासमोरच हवं असेल तर स्पीकर माइकच्या रांगेच्या पुढे ठेवा आणि ज्याची बारी नाही त्याचे सगळे माइक मिक्सरवर बंद करा. नुसता आवाज कमी करून भागत नाही.

घरचा बुवा म्हणजे चिक वेब. मणक्याच्या क्षयामुळे पाठीला कुबड, उंची जेमतेम, आणि ड्रमवर बसला की समोरच्याची खैर नाही. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमनचा देशभर गाजलेला बँड समोर आला. आत चिक्कार गर्दी, बाहेर हजारो लोक ताटकळत. गुडमनचा ड्रमवाला जीन क्रुपा याने शेवटी वेबपुढे वाकून हार मानली. पंच कोण, तर नाचणारे. पाय कुणाच्या लयीला जास्त सुटले, तो जिंकला. हा निकाल मला परीक्षकांच्या गुणपत्रिकेपेक्षा खरा वाटतो.

आता पेटीवाल्यांसाठी. तिथे वाजणाऱ्या कितीतरी चालींचा पाया ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्याच्या प्रकाराचा, आणि तो आपल्या पेटीवर अर्ध्या तासात बसतो. १२ आवर्तनं, प्रत्येकी ४ मात्रा. पहिली चार ‘सा’वर, मग दोन ‘म’वर, दोन ‘सा’वर, एक ‘प’वर, एक ‘म’वर, शेवटची दोन पुन्हा ‘सा’वर. प्रत्येक ठिकाणी चार सूर एकत्र दाबायचे: ‘सा’ला सा-ग-प आणि कोमल नी, ‘म’ला म-ध-सा आणि कोमल ग, ‘प’ला प-शुद्ध नी-रे-म. गाताना मात्र कोमल आणि शुद्ध ग यांच्या मधे घुटमळायचं. शब्दांची ओळ एकदा, तीच पुन्हा, मग तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळ साधारण दोन आवर्तनांत संपते आणि उरलेल्या दोनांत वाद्यं बोलतात. नवखे तिथेच चुकतात. ती जागाही गाऊन भरून टाकतात आणि झांजवाल्याला कामच उरत नाही.

१९५८ मध्ये सॅव्हॉय बंद झालं, घरबांधणीसाठी इमारत पाडली. २००२ पासून तिथे एक पाटी आहे.

पण नाचणाऱ्यांचा जीव त्या लाकडी फरशीवर होता. ती पावलाखाली किंचित दबून परत उचलायची आणि इतकी झिजायची की दर तीनेक वर्षांनी बदलायचे म्हणतात. आपला जाखडी नाच सारवलेल्या अंगणात होतो, ती जमीनही थोडी दबते. हल्ली गावोगावच्या सभागृहांत मात्र स्लॅबवर चकचकीत टाइल. दोन तास त्यावर नाचा, नडगी ठणकायला लागते.

नाचायची लाकडी फरशी करायचीच असेल तर अशी करा. स्लॅबवर जाड प्लास्टिक, त्यावर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्यांचे आडवे-उभे थर, वरच्या थराचा आधार खालच्या दोन आधारांच्या मधोमध येईल असे. मग १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि वर सागवान. सुतार हमखास पट्टी स्क्रूने स्लॅबला आवळतो. तसं झालं की सगळी लवचीकता गेली. भिंतीकडेने १२ ते १५ मिलिमीटर फट सोडून वरून पट्टी मारा. ही पट्टी भिंतीलाच ठोका, फरशीला नाही. जानेवारीत घट्ट बसवलेल्या फळ्या जुलैत फुगतात आणि जागा नसली की मधोमध उठतात. लाकूड बसवण्याआधी दोन-तीन आठवडे त्याच हॉलमध्ये पडू द्या. खिळे लोखंडी नकोत, खाऱ्या हवेत गंज धरतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. खालच्या पोकळीला हवा खेळायला भोकं ठेवा, नाहीतर वाळवी आणि बुरशी दोन्ही येतील. आणि वर मेण बेताने: जास्त झालं तर घसरायला होतं, आणि फरशी चिकट राहिली तर गिरकी घेताना पाऊल अडकून गुडघा पिरगळतो.