प्रश्न विचारून थांबायला शिकले

सांगोला तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी गेली चौदा वर्षे इंग्रजी शिकवते. यांपैकी पहिली बरीच वर्षे मी ज्या पद्धतीने शिकवले, तीच पद्धत माझ्या शिक्षकांनी मला शिकवताना वापरली होती. धड्यातील एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, मग पुढचे वाक्य वाचायचे, आणि धडा संपला की प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची. निकाल बरा लागत असे, त्यामुळे हे बदलावे असे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही कधी वाटले नाही. २०२२ च्या जूनमध्ये माझ्याकडे आलेल्या नववीच्या वर्गामुळे मात्र मला या सगळ्याचा नव्याने विचार करावा लागला. वर्गात ५८ मुले-मुली होती आणि त्यांचे सातवीचे बहुतेक वर्ष कोरोनामुळे बंद असलेल्या शाळेबाहेर गेले होते. मी इंग्रजीत साधा प्रश्न विचारला, तरी सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली जात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे या मुलांच्या पाठीशी, मधला खंड धरूनही, आठ वर्षांचे इंग्रजी होते. मग ती बोलत का नाहीत, याचे उत्तर मी बरेच दिवस मुलांमध्येच शोधत राहिले. पाया कच्चा आहे, घरी वातावरण नाही, शब्दसंपत्ती नाही, ही कारणे शिक्षकखोलीत आम्ही सगळेच देत होतो आणि ती खोटीही नव्हती.

ऑगस्टमध्ये मी माझ्याच एका तासाचे मोबाईलवर ध्वनिमुद्रण केले आणि रात्री घरी ते वही-पेन घेऊन ऐकले. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांचा आवाज जेमतेम तीन मिनिटे होता आणि त्यातही बहुतेक वेळ सर्वांनी एका सुरात म्हटलेले ‘येस मॅडम’ होते. मला जास्त लागले ते दुसरेच. प्रश्न विचारल्यानंतर मी दोन सेकंदही थांबत नव्हते. एक तर उत्तर मीच देत होते किंवा तोच प्रश्न मराठीत विचारत होते, आणि मराठीत प्रश्न येणारच आहे हे ठाऊक असल्यावर इंग्रजी प्रश्नाकडे लक्ष देण्याचे मुलांना काही कारणच उरत नव्हते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये हेच मोजले होते. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे तिला आढळले होते. हे मी बी.एड.च्या काळात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. स्वतःचा आवाज ऐकेपर्यंत ते माझ्याबद्दल आहे असे मला वाटले नव्हते.

आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी शब्द शोधणाऱ्या मुलाला तीन सेकंद पुरणार नाहीत, म्हणून मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे ठरवले. पहिला आठवडा फार अवघड गेला. वर्गातली शांतता अंगावर येई, सहाव्या-सातव्या आकड्याला उत्तर सांगून टाकावे असे वाटे आणि दोनदा मी ते सांगितलेही. मुलांनाही मी रागावले आहे असेच वाटत होते. शेवटी मी त्यांना मराठीत सरळ सांगितले की मी रागावलेली नाही, तुम्हाला विचार करायला वेळ देते आहे, आणि शेजाऱ्याशी मराठीत बोलून उत्तर ठरवले तरी चालेल. त्यासोबत एक नियम केला, की कोणाच्याही उत्तराला कोणीही हसायचे नाही. पुढच्या आठवड्यात खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने नवव्या आकड्याच्या सुमारास उभे राहून एका शब्दात उत्तर दिले. क्रियापद चुकले होते. मी ते सुधारले नाही. तिचा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याच्या पुढे-मागे काय हवे, हे वर्गाला विचारले. त्या दिवशी सात मुले बोलली.

थांबल्याने तोंडे उघडली खरी, पण बोलण्यासारखे काही हवे ना? पाठ्यपुस्तकातील धडे चांगले आहेत, तरी चौदा वर्षांच्या मुलाला ज्याविषयी खरोखर काही सांगायचे असते, ते प्रत्येक धड्यात सापडतेच असे नाही. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत आणि तेल्या रोगाच्या धास्तीने घरोघरी फवारणीची औषधे असतात. त्या बाटल्यांवर भरपूर इंग्रजी असते. बाटलीला हात न लावता तिच्यावरचा इंग्रजी मजकूर वहीत उतरवून आणा, असे मी सांगितले. हात लावायचा नाही, ही अट मी तीनदा सांगितली आणि पालकांच्या गटावर तसा निरोपही पाठवला.

दुसऱ्या दिवशी चाळीसहून अधिक वह्या भरून आल्या. कीटकनाशकाच्या लेबलवर पतंगासारखा उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या अर्ध्या भागात इशारा. लाल आणि पिवळ्या रंगाला ‘पॉयझन’, निळ्याला ‘डेंजर’ आणि हिरव्याला ‘कॉशन’ असे शब्द असतात, आणि लाल रंगाबरोबर कवटीचे चित्रही असते. मी चार लेबले फळ्यावर काढली, गट केले आणि सर्वांत घातक ते सर्वांत सौम्य असा क्रम लावून त्याचे कारण इंग्रजीत सांगायला सांगितले. तीन शब्दांच्या अर्थांतील तरतम भाव मला कोणत्याही शब्दकोशातून इतका स्पष्ट शिकवता आला नसता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात माझ्याशी दोन वाक्येही बोलली नव्हती, म्हणाली, “मॅडम, घरी सगळे याला औषध म्हणतात, आणि इथं तर पॉयझन लिहिलंय.” वर्ग एकदम गप्प झाला. त्या शांततेत मला आकडे मोजावे लागले नाहीत.

तो पाठ पुढे चार तास चालला. ‘डिस्ट्रॉय द कंटेनर आफ्टर यूज’ या एका वाक्यावर पूर्ण तास गेला, कारण रिकामे कॅन धुऊन घरात वापरले जातात असे तिघांनी सांगितले. आज्ञार्थी वाक्ये व्याकरणाच्या तासाला वेगळी शिकवायची गरजच उरली नाही. ‘अँटिडोट’ म्हणजे उतारा हे कळल्यावर एका मुलाने मोठ्या गांभीर्याने विचारले, की प्रश्नपत्रिकेतला न पाहिलेला उतारा आणि हा उतारा एकच शब्द कसा? त्याचे उत्तर शोधायला आम्ही मराठीचा शब्दकोश काढला. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दकोश उघडला जाणे मला आजही योग्य वाटते, कारण एका भाषेतील शब्द नीट न्याहाळायची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेतही टिकते.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये केलेला प्रयोग, ज्याला बंगळूर प्रकल्प म्हणतात, मी त्यानंतर पुन्हा मुळापासून वाचला. नियम आधी शिकवून मग उदाहरणे देण्याऐवजी मुलांना रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देऊन एखादा प्रश्न सोडवायला लावायचा. लक्ष अर्थावर राहिले की भाषा त्या ओघात येते, हे त्याचे सूत्र. आपल्याकडच्या साध्या, गर्दीच्या वर्गांतून निघालेले हे काम मला परदेशी पुस्तकांपेक्षा जवळचे वाटते. सांगोल्यावरून मिरज-कुर्डुवाडी मार्गावर गाड्या धावतात, म्हणून मीही वेळापत्रकच घेतले. पंढरपूरला सकाळी पोहोचून संध्याकाळी परत यायचे, तर कोणती गाडी धरायची, हे गटाने इंग्रजीत सांगायचे. मुले भांडली ती मराठीत, पण निर्णय इंग्रजीत मांडला.

याची किंमतही मोजावी लागली. दिवाळीपर्यंत मी दोन धडे मागे होते, आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर मिळत नाहीत अशी तक्रार घेऊन काही पालक आले. पुढच्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेत ८० गुण लेखी परीक्षेला आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते. त्यावर तोड म्हणून प्रत्येक गटाने धड्यावर पाच प्रश्न स्वतः तयार करायचे आणि दुसऱ्या गटाने उत्तरे लिहायची असे ठरवले; मी फक्त तपासत असे. उरलेल्या २० गुणांच्या तोंडी परीक्षेत पूर्वी ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारी पाठ केलेली दहा वाक्ये मी निमूटपणे ऐकून घेत असे. आता दोघांनी मिळून एखादे लेबल, पावती किंवा वेळापत्रक एकमेकांना समजावून सांगायचे असते. कवितांचे रसग्रहण मात्र अजूनही बहुतेक मुले पाठच करतात. तिथे मला अद्याप वाट सापडलेली नाही.

एका मुलाची मला सतत रुखरुख होती. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात आणि तोही दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर गेला. जाताना मी त्याला एक दोनशे पानी वही दिली आणि दिसेल तो इंग्रजी शब्द तीत लिहून ठेवायला सांगितले, पण खरे सांगायचे तर माझ्या हातून दुसरे काही होण्यासारखे नव्हते म्हणून ती दिली होती. मार्चच्या अखेरीस तो परत आला. वहीत ट्रॉलीवरचे आणि ट्रॅक्टरवरचे शब्द होते आणि एका पानावर काट्यावरची वजनाची पावती चिकटवलेली होती. त्याला मी फळ्याजवळ बोलावले. त्याने ‘ग्रॉस’, ‘टेअर’ आणि ‘नेट’ हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले, भरलेल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि नुसत्या उसाचे वजन म्हणजे काय ते तुटक इंग्रजीत सांगितले, आणि मग खडू हातात धरून वर्गाला विचारले, “विच वेट इज अवर मनी?” कोणी लगेच उत्तर दिले नाही. मी सवयीने तोंड उघडणार होते, तेवढ्यात त्याने हाताने मला थांबवले आणि तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला.