नाही, ते मोडलेलं नाही

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेचं कपाट आहे. लोकांच्या अशा कपाटात मुलांच्या ट्रॉफ्या असतात, न वापरलेला टी-सेट असतो. आमच्याकडे विमानं आहेत. बाल्सा लाकडाची आणि पुठ्ठ्याची, सगळी मीच कापून चिकटवलेली. पहिल्यांदा घरी येणारा माणूस पाणी पिता पिता कपाटाकडे बघतो, मान जरा तिरकी करतो आणि मग कुणाच्या घरचं दुखणं विचारावं तशा हलक्या आवाजात विचारतो, "अहो, हे मोडलंय का?"

गॅसच्या शेगडीवाल्यानं विचारलं. भिशीतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं विचारलं. शेजारची चार वर्षांची मुलगी तर न विचारताच म्हणाली, "मी नाही हं केलं."

तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

बोट ज्यांच्याकडे जातं अशी दोन विमानं आहेत. वरच्या कप्प्यातल्या विमानाचं धड डावीकडे आहे, माणसं बसायचा काचेचा डबा उजवीकडे, आणि शेपटीचा उजवा अर्धा भाग जवळजवळ नाहीच. खालच्या कप्प्यातल्याचा पंख कात्रीसारखा तिरका आहे, एक टोक पुढे आणि एक मागे. हे खालचं विमान आमच्या मावशी दर शनिवारी पुसतात आणि पुसून झालं की पंख सरळ करून ठेवतात. मी रविवारी तिरका करते. दोन वर्षं हे चाललंय.

मी अठ्ठावीस वर्षं तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर काय काढायचं ते ठरलेलं होतं, मध्यरेषा. लांब रेघ, बारकी रेघ, लांब रेघ. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर अर्धीच काढायची, उरलेली अर्धी बघणारा समजून घेतो. आळसाला शास्त्रानं दिलेली एवढीच परवानगी, त्यामुळे पोरांना ती फार आवडायची. विमानाचं ड्रॉइंगही आम्ही असंच काढायचो, अर्धं. माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. घरात मिग हा शब्द मीठ या शब्दाइतकाच वेळा ऐकू यायचा, तरी अर्धं काढून न भागणारं विमान असतं हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

तुम्हाला वाटत असेल, की आधी सगळी विमानं नीट, सरळ होती आणि नंतर कुणा चक्रमाला ती वाकडी करायची हुक्की आली. तर सुरुवातीपासून बघा. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं जे विमान १२ सेकंद उडालं, त्याचा उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे ४ इंच लांब होता. विमान नाकावर आपटलं तर इंजिन माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी ते बाजूला, उजवीकडे बसवलं होतं. माणूस डावीकडे पालथा झोपायचा. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणजे उजवी बाजू खाली जाणार. मग त्या बाजूचा पंख वाढवला. भाजीवाली तराजूला पासंग लावते, अगदी तसंच. फिरणारे पंखे, म्हणजे प्रोपेलर, दोन होते आणि ते उलटसुलट फिरावेत म्हणून एका पंख्याच्या साखळीला पीळ देऊन ती आडवीतिडवी ओढून घेतली होती. सायकलवाले लोक, साखळीला घाबरणार थोडेच!

पुढे एकाच पंख्याची विमानं आली आणि पासंगाची खरी गरज तिथे पडली. मिक्सर चालू करताना आपण वरून हात दाबून का धरतो? आतली मोटर एका बाजूला फिरते, तेव्हा बाहेरचं डबडं उलट्या बाजूला हिसका खातं. विमानाचंही तेच. पंखा एकीकडे फिरतो, विमान दुसरीकडे कलू बघतं. शिवाय पंख्यामागची हवा सरळ मागे जात नाही, ती धडाभोवती पिळासारखी फिरत जाऊन उभ्या शेपटीला एकाच बाजूनं धक्का देते आणि नाक वळतं. वैमानिक टेकऑफला एक पाय दाबूनच असतो. कारखानदारांनी मग हळूच पासंग घातले. जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ ची उभी शेपटी एका बाजूनं जास्त फुगीर होती. इटलीच्या माकी २०२ चा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब होता. त्या माकीचा फोटो शोधून बघा. इतकं देखणं आणि प्रमाणबद्ध विमान, की फूटपट्टी लावल्याशिवाय विश्वास बसत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर पंखा एक झाला तेव्हाच विमानाचं सरळपण संपलं होतं. पुढे फक्त ते झाकण्याचं कसब वाढत गेलं.

वरच्या कप्प्यातल्या विमानाच्या माणसानं झाकायचं सोडून दिलं. रिशार्ड फोग्ट त्याचं नाव. तरुणपणी दहा वर्षं जपानात, कावासाकीत विमानं आखत होता, मग हॅम्बुर्गला ब्लोम उंड फॉस या जहाजं बांधणाऱ्या कंपनीच्या विमान विभागाचा मुख्य झाला. १९३७ साली जर्मन हवाई मंत्रालयाला टेहळणीसाठी तीन माणसांचं, एका इंजिनाचं विमान हवं होतं आणि आतून चहूबाजूंना नीट दिसलं पाहिजे अशी अट होती. एक इंजिन म्हणजे ते नाकात बसणार, मग पुढचं दिसणार कसं? फोग्टनं इंजिन आणि शेपटी एका नळकांड्यात डावीकडे ठेवली आणि तिन्ही माणसांना काचेच्या डब्यात बसवून तो डबा उजवीकडे जोडला. आमच्या लहानपणी गल्लीत एकांच्या स्कूटरला साइडकार होती, तसं. त्या काकांना कधी कुणी विचारलं नाही, स्कूटर मोडलीय का म्हणून.

आता यातली गंमत. इंजिन मध्याच्या डावीकडे असेल तर त्याच्या ओढीनं नाक उजवीकडे वळायला हवं. पण पंख्याचा स्वभाव नाक डावीकडे नेण्याचा. दोन्ही ओढी बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे फोग्टनं पासंग वेगळा घातलाच नाही, सगळं विमानच पासंग म्हणून वापरलं. हे बीव्ही १४१ पहिल्यांदा २५ फेब्रुवारी १९३८ ला उडालं आणि चांगलं उडालं. मंत्रालयातला बडा अधिकारी एर्न्स्ट उडेट स्वतः पहिल्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक होता, तो ते चालवून खूश झाला. पुढच्या आवृत्तीत मागच्या बंदूकवाल्याला आड येतो म्हणून आडव्या शेपटीचा उजवा भाग जवळजवळ कापून टाकला. माझ्या मॉडेलमध्ये 'निखळलेला' आहे तोच हा भाग.

तरी ते सैन्यात रुळलं नाही. मंत्रालयानं फोके-वुल्फ १८९ पसंत केलं, दोन इंजिनांचं आणि दोन शेपट्यांचं, मध्यरेषेच्या दोन्हीकडे अगदी सारखं. (रशियन सैनिक त्याला 'रामा' म्हणत. त्यांच्या भाषेत रामा म्हणजे चौकट, आपल्या रामाचा काही संबंध नाही.) बीव्ही १४१ ला पहिलं इंजिन कमी पडत होतं, म्हणून बीएमडब्ल्यूचं नवं दणकट इंजिन लावलं, तर तेच इंजिन लढाऊ विमानांना हवं होतं. तीसच्या आतच विमानं बनली. आज एकही शिल्लक नाही. नुसत्या दिसण्यामुळे ते नाकारलं असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. इंजिनाचा तुटवडा हे कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला पुरेसं कारण आहे. पण निवडीच्या टेबलापाशी कुणीच मान तिरकी करून बघितलं नसेल, असंही मी म्हणणार नाही.

खालच्या कप्प्यातल्या विमानाचा धागाही फोग्टपर्यंत जातो. युद्धाच्या काळात त्यानं कागदावर एक विमान आखलं होतं, पी २०२. त्याला पंख एकच आणि तो धडावर एका खुंट्यावर फिरणारा. हे का, ते समजायला ओझरचंच उदाहरण घेते. नाशिककरांनी मिग-२७ डोक्यावरून जाताना पाहिलीत. त्यांचे पंख हलायचे, पसरले तर १६ अंश आणि मागे ओढले तर ७२. कमी वेगाला, उतरताना, पसरलेले पंख चांगले. वेग आवाजाच्या जवळ गेला की हवेचा विरोध एकदम वाढतो, तिथे पंख मागे असलेले बरे. पण दोन पंख म्हणजे दोन खुंटे, भलत्याच जड यंत्रणा, आणि दोन्ही पंख एकदम मागे गेले की उचल देणारं केंद्रही मागे सरकतं, नाक खाली जायला बघतं. त्यापेक्षा एकच अखंड पंख मधोमध खुंटीवर बसवून कैचीसारखा फिरवला तर? एक टोक जितकं पुढे तितकंच दुसरं मागे. केंद्र जागच्या जागी.

अमेरिकेत या कल्पनेच्या मागे लागला तो रॉबर्ट जोन्स. या माणसावर माझा जीव आहे. कॉलेज अर्धवट सोडलं, विमानांच्या कसरती दाखवणाऱ्या उडत्या सर्कशीत काम केलं, मग वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या कार्यालयाच्या इमारतीत लिफ्ट चालवायची नोकरी धरली. लिफ्टमध्ये गणिताचं पुस्तक घेऊन उभा असायचा. एका वयस्कर खासदाराला गणित शिकायची हौस होती, तो जोन्सकडे शिकायला लागला. पुढे लँगलीच्या सरकारी संशोधन केंद्रात त्याला कायम करायचं ठरलं, तर अभियंत्याच्या सगळ्यात खालच्या पदासाठी पदवीची अट. पदवी तर नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्याच्या वरच्या पदाच्या नियमात पदवीचा उल्लेखच नाही, तिथवर आलेल्याकडे ती असणारच असं धरलेलं. त्याला थेट वरच्या पदावर घेतलं! आपल्याकडच्या कार्यालयांत काम केलेल्यांना या गोष्टीची चव वेगळी सांगायला नको. याच जोन्सनं १९४५ साली मागे वळलेल्या पंखाचा सिद्धांत मांडला. जर्मनीत बुझमान नावाच्या शास्त्रज्ञानं तो दहा वर्षं आधी मांडला होता, जोन्सनं आपला आपण शोधला. आज तुम्ही मुंबईहून दिल्लीला जाता त्या विमानाचे पंख मागे वळलेले असतात ते यामुळे. फावल्या वेळात हा गृहस्थ व्हायोलिनं बनवायचा.

त्याच्या तिरक्या पंखाचं विमान नासानं शेवटी बांधलं, एडी-१. माझ्या खालच्या कप्प्यातलं ते हेच. फोमच्या गाभ्यावर फायबरग्लास, दोन चिमुकली जेट इंजिनं, आत न जाणारी चाकं. बांधायचं कंत्राट सुमारे २ लाख ४० हजार डॉलरचं, विमानांच्या जगात हे चिल्लर पैसे. तपशील आखून दिले बर्ट रुटान या विमानं आखणाऱ्या अमेरिकनानं. २१ डिसेंबर १९७९ ला टॉम मॅकमर्ट्रीनं ते कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या तळावर पहिल्यांदा उडवलं. फोग्ट त्याच वर्षी अमेरिकेत वारला होता. टेकऑफ पंख सरळ ठेवून, लँडिंगही सरळ ठेवून, मधे आकाशात तो फिरवायचा. थोडा थोडा फिरवत १९८१ च्या मध्यापर्यंत ६० अंशांवर नेला. १९८२ पर्यंत ७९ उड्डाणं झाली. ४५ अंशांपर्यंत बरं वागायचं, त्यापुढे हट्टी व्हायचं. नाक वर करायला जावं तर ते कुशीवर वळू बघायचं. पंख कडक धातूचा असता तर कमी त्रास झाला असता, हा फायबरचा पंख लवत होता. पण तेच तर त्यांना बघायचं होतं. त्यापुढचं मोठं, वेगवान तिरकं विमान मात्र आजवर कुणी उडवलेलं नाही.

रुटानला हा वाकडेपणा चावला असावा. १९९६ साली त्यानं बूमरँग नावाचं स्वतःचं विमान उडवलं, लांब धडात एक इंजिन, शेजारच्या आखूड नळकांड्यात दुसरं, डावं-उजवं काही जुळतच नाही. कारण साधं होतं. नेहमीच्या दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं की दुसरं विमानाला गर्रकन वळवतं, आणि गोंधळलेल्या वैमानिकाचा जीव जातो. बूमरँगमध्ये एक बंद पडलं तरी ते जवळपास सरळ जातं.

आणि इथवर ऐकून घेतलं की पाहुणे हमखास विचारतात, "मग आपलं वैमानिक शास्त्र?" प्राचीन विमानांची विद्या सांगणारा म्हणून मिरवला जाणारा तो ग्रंथ. मला त्यात रस आहे तो ड्रॉइंगमुळे. त्यातल्या आकृत्या १९२३ साली बंगळुरूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेल्या आहेत. हात चांगला होता त्या माणसाचा. मध्यरेषा जागेवर, डावं-उजवं तंतोतंत. १९७४ साली बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी त्या आकृत्या तपासल्या आणि यातलं एकही उडणार नाही असा निष्कर्ष काढला. तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवर उडवलं असं सांगतात त्या विमानालाही त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही. यावर भिशीत एकदा वाद झाला होता, चहा गार झाला. त्या आकृत्यांचं मॉडेल मात्र मी करून बघितलं. कपाटात फार शोभून दिसतं, आणि ते मोडलंय का असं अजून कुणी विचारलेलं नाही.

हे लिहिता लिहिता एडी-१ चे जुने फोटो पुन्हा काढून बसले होते. धावपट्टीवर चाकांवर उभं आहे, पंख सरळ. उडायला निघालंय, पंख सरळ. उतरतंय, सरळ. तिरका फक्त वर, आकाशात. आणि माझं मॉडेल तर चाकांवर, लाकडी फळीवर उभं आहे.

काल रविवार होता. मी कपाट उघडलंच नाही.